हार पचवणारं घराणं

ट्रेंगोव्हांच्या घरात पत्ते खेळायला बंदी होती. ती मर्लने घातली होती. एका नाताळच्या दुपारी तिच्या नवऱ्याने, आल्विनने, हरत आलेला डाव उचलून जावयाच्या पुडिंगमध्ये टाकला आणि मुलगी रोझलिन बापावर तुटून पडली. नवऱ्याच्या पुडिंगसाठी नव्हे, डाव मोडला म्हणून. त्यानंतर सापशिडी बंद झाली. मग अंगणातला कड्या फेकण्याचा खेळ गेला. पुढे जावईही गेला, पण त्याला इतरही कारणं होती.

एवढं होऊनसुद्धा, खेळ माणसाला हार पचवायला शिकवतो, हे वाक्य त्या घरात मिठासारखं जाईल तिथे पडायचं. आल्विन स्वतः पोर्ट मेरिकच्या फुटबॉल संघाचा कप्तान होता आणि सहासष्ट साली त्याने ढाल जिंकून आणली होती. पुढे तो चर्चच्या मंडळावर गेला, बार्ली पिकवणाऱ्यांच्या संघटनेवर गेला, गावाच्या अग्निशमन दलाचा प्रमुख झाला, आणि तिन्ही ठिकाणी त्याने कप्तानपणच केलं. कुणाच्या शेतात वणवा पेटला तरी पाण्याची गाडी निघण्याआधी तो माणसांना गोल उभं करून चार शब्द सुनावायचा. त्या चार शब्दांत मर्फींची गंजी जळून गेली होती, पण माणसं जिद्दीने गेली हे कुणी नाकारत नव्हतं.

त्या रविवारी मर्लने पास्ट्या करायला घेतल्या होत्या. पारीत मटण, बटाटा, कांदा भरून ती कडा मुरडत होती आणि बाहेर जूनचा हिवाळी वारा समुद्रावरून थेट खिडकीवर येत होता. संध्याकाळी क्लबची सभा होती. विषय एकच. ऑस्ट्रेलियन फुटबॉलला एका संघात अठरा माणसं लागतात, आणि यंदा पोर्ट मेरिकला अठरा पुरुष जमत नव्हते. शाळा संपली की मुलं अ‍ॅडलेडला जात आणि परत येत ती सुट्टीत, मासे धरायला. गेल्या शनिवारी टपालवाल्याला गोलापाशी उभा केला होता. चेंडू आला की तो सभ्यपणे बाजूला होत होता. आता एकच मार्ग उरला होता, ग्रीन्स व्हेलच्या क्लबात विलीन व्हायचं. ग्रीन्स व्हेल म्हणजे आतल्या बाजूचं शेजारगाव, शंभर वर्षांचं वैरी. त्या गावच्या मुली सून म्हणून चालत. फुटबॉलच्या दिवशी त्यांच्या किटलीतला चहा चालत नसे.

“मी विरोधात बोलणार आहे,” लाइलने जेवायला बसता बसता जाहीर केलं.

लाइल हा आल्विनचा मुलगा आणि क्लबचा अध्यक्ष. तरुणपणी तो अ‍ॅडलेडच्या मोठ्या संघात दोन सामने खेळला होता आणि दुसऱ्यात त्याचा गुडघा दुखावला. त्या गुडघ्यावर तो गेली वीस वर्षं जगत होता. बँकांचे मॅनेजर, दातांचे डॉक्टर, विमा विकणारी माणसं यांच्यापुढे तो ‘हार ही देणगी’ या विषयावर व्याख्यानं द्यायचा. कानाला माईक लावून, रंगमंचावर किंचित लंगडत. मर्लने पाहिलं होतं, गुडघा दर वर्षी थोडा थोडा जास्त मोडत चालला होता.

“शाब्बास,” आल्विन म्हणाला. “ग्रीन्स व्हेलवाल्यांना चेंडू मारता येत नाही. त्यांच्या बापांनाही येत नव्हता.”

“त्यांच्याकडे नऊ पुरुष आहेत, बाबा, आणि आपल्याकडे अकरा,” रोझलिन म्हणाली. “एकत्र झालो नाही तर पुढच्या वर्षी दोन्ही गावं टीव्हीवर फुटबॉल बघतील.”

रोझलिन गावच्या इस्पितळाची प्रमुख होती. शाळेपासून ती नेटबॉलमध्ये बचावाला खेळली. समोरच्या पोरीच्या तोंडापुढे दोन्ही हात ताणून उभं राहायचं, तिला काही दिसू द्यायचं नाही, हा तिचा खेळ, आणि सभेत डॉक्टर बोलत असले तरी ती तशीच बसते असं नर्सा म्हणायच्या.

“हरायच्या भीतीने हात टेकणं म्हणजे एकी नव्हे,” लाइल म्हणाला.

“हे वाक्य कुणासाठी लिहिलं होतंस? दातवाल्यांसाठी?”

“तू आधीपासूनच त्यांच्या बाजूची आहेस, रॉझ. त्या क्लेम हॉजेटबरोबर तुझ्या बैठका चालतात, हे मला कळलंय.”

“बैठका नाही, चहा.”

“त्यांच्या किटलीतला?” आल्विनने विचारलं आणि काटा खाली ठेवला.

टेबलाच्या टोकाला लाइलची मुलगी टेगन दुसरी पास्टी संपवत होती. ती गावच्या शाळेत शिकवायची आणि क्लबच्या महिला संघाची कप्तान होती. तीन हंगामांत तिचा संघ एकदाच जिंकला होता, तोसुद्धा समोरच्यांची बस बिघडली म्हणून. घरात महिला संघाचा विषय निघाला की आल्विन प्रेमाने म्हणायचा, “मजा करा, पोरींनो,” आणि टेगन प्रेमाने ऐकून घ्यायची.

“तुझं काय मत?” मर्लने तिला विचारलं.

“आजी, सॉस दे.”

जेवण झाल्यावर मर्ल भांडी विसळत होती. खिडकीखाली लाइलने बहिणीला गाठलं. खिडकी उघडी होती. खाली उभ्या राहणाऱ्यांच्या ते कधीच लक्षात येत नसे, आणि मर्लनेही ते कधी त्यांच्या लक्षात आणून दिलं नव्हतं.

“हे बघ,” लाइल हळू आवाजात म्हणाला, “समजा ठराव झालाच मंजूर.”

“तू तर विरोधात आहेस.”

“आहेच. मनापासून. पण झालाच, तर नव्या क्लबाला अध्यक्ष लागेल. अनुभवी माणूस. धक्क्यातून लोकांना बाहेर काढणारा.”

“म्हणजे तू.”

“मी नाव घेतलं नाही.”

“मी उभी राहणार आहे, लाइल.”

“फुटबॉल क्लबाला?” लाइल म्हणाला. “नेटबॉलवाली?”

मर्लने नळ मोठा केला. तिला पुढचं ऐकायचं नव्हतं. ते तिने दोघांच्या लहानपणी ऐकलं होतं, शब्द तेवढे आता मोठे झाले होते. काही वेळाने लाइल टेगनला गोठ्याकडे घेऊन गेला आणि महिला संघाला कपडे बदलण्याची नवी खोली देऊ करून आला. तो वळतोय तोवर रोझलिनने तिला गाडीत बसवलं आणि शनिवारचं मुख्य मैदान देऊ केलं. टेगन परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

“काय मिळालं?” मर्लने विचारलं.

“खोली आणि मैदान. जरा थांबले असते तर दिवेही मिळाले असते.”

“आणि तू काय दिलंस?”

“मी म्हटलं, विचार करते.” टेगनने फडकं उचललं. “आजी, ग्रीन्स व्हेलमध्ये सात मुली खेळायला तयार आहेत. आमच्यात गेल्या महिन्यात तीन जणी दुखापतीतही खेळल्या, कारण बदली कुणी नव्हतंच. मला दुसरं काही कळत नाही यातलं.”

मर्लने एक ताट तिच्या हातात दिलं. तिने लग्न झाल्यापासून क्लबच्या खिडकीतून चहा आणि पास्ट्या विकल्या होत्या. इतक्या वर्षांत तिला कुणी मत विचारलं नव्हतं, आणि तिनेही कधी त्याबद्दल तक्रार केली नव्हती. सदस्य मात्र ती होती.

क्लबच्या दालनात उभं राहिलं की लाइलला नेहमी बरं वाटायचं. भिंतीवर सोनेरी अक्षरांत कप्तानांची नावं, त्यात बापाचं नाव दहा वेळा, त्याचं दोनदा. आज खुर्च्या कमी पडल्या होत्या. ग्रीन्स व्हेलवाल्यांनी आपल्या गावी ठराव आधीच मंजूर केला होता. ते मागच्या भिंतीशी उभे होते, घरून आणलेल्या केकच्या ताटल्या हातात धरून, कारण त्या कुठे ठेवायच्या हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

लाइल चांगला बोलला. त्याने सहासष्टची ढाल काढली, मैदानाची माती काढली, युद्धावर गेलेल्या संघाचा उल्लेख केला. “आपण लढून हरू,” तो म्हणाला, “पण वाटाघाटीत हरणार नाही.” पहिल्या रांगेत बसलेल्या आल्विनने काठी जमिनीवर आपटली. टाळ्या पडल्या. मग रोझलिन उठली. तिने फक्त येत्या शनिवारचा संघ वाचून दाखवला. नवव्या नावाला टपालवाला होता आणि अकराव्यानंतर नावं नव्हती.

हात वर करून मतदान झालं. लाइलच्या नजरेने मोजदाद सुरू केली आणि मध्येच त्याला कळलं की बरोबरी होतेय. तेव्हा चहाच्या खिडकीतून एक हात वर आला. बाही कोपरापर्यंत दुमडलेली होती आणि बोटांना पीठ होतं.

“मर्ल,” आल्विन म्हणाला. “चहाचं नंतर.”

“चहाचं नाही,” मर्ल म्हणाली. “माझं मत आहे.”

तिच्या मताने ठराव मंजूर झाला. आल्विनने खुर्ची ओढली, वळवली आणि सगळ्यांकडे पाठ करून भिंतीवरच्या नावांकडे तोंड करून बसला.

लाइलने एक श्वास घेतला. दुसऱ्या श्वासाला तो पुन्हा उभा होता, कारण या क्षणासाठीच तर तो वीस वर्षं तयारी करत होता.

“मित्रांनो, मी हरलो,” तो म्हणाला, आणि चेहऱ्यावर ते प्रसन्न, थोडंसं दुखरं हसू आणलं. “आणि हार ही देणगी आहे. पडलेला माणूसच दुसऱ्याला उभं करू शकतो. नव्या क्लबाला असा माणूस हवा असेल, तर मी माझी सेवा देऊ करतो.”

मागच्या भिंतीशी कुणीतरी खोकलं. मग क्लेम हॉजेट, ग्रीन्स व्हेलचा मेंढ्यावाला, उंच, वाकड्या नाकाचा, हातातली ताटली सावरत पुढे झाला. “मी रोझलिनचं नाव सुचवतो,” तो म्हणाला.

“अनुमोदन?” अध्यक्ष म्हणून लाइलनेच विचारलं.

लाइल निश्चिंत होता. रोझलिनने इस्पितळात इतक्यांना दुखावलं होतं की अनुमोदनाला कुणी उठलं तर आश्चर्य.

“माझं,” टेगन म्हणाली. ती आपल्या संघातल्या मुलींमध्ये बसली होती. ती उठली, सगळ्यांना नीट दिसेल एवढा वेळ उभी राहिली आणि खाली बसली.

या वेळी मतं मोजायची गरज पडली नाही.

गाडीच्या मागच्या काचा वाफेने धुरकटल्या होत्या. टेगनने दार उघडलं आणि बाजूच्या सीटवर बसली. लाइल स्टिअरिंगवर हात ठेवून मैदानाकडे बघत होता. गाडी सुरू केलेली नव्हती.

“आत चहा झालाय,” ती म्हणाली.

“मला नको.”

“बरं.”

ती बसून राहिली. घोषणा करायच्या खांबावर सीगल बसला होता आणि उजेड मावळत होता. लाइलला वाटलं होतं ती काही समजावेल, मग तो तिला तोडून बोलेल. ती समजावत नव्हती.

“तू उठलीस,” तो शेवटी म्हणाला.

“हो.”

“माझ्याविरुद्ध.”

“आत्याच्या बाजूने.”

“तेच झालं.”

“तेच झालं,” ती म्हणाली. “बाबा, तू जिंकतोस तेव्हा फार चांगला असतोस. सगळ्यांना खांद्यावर घेतोस. पण या क्लबाला आता बरीच वर्षं हरायचंय. वीस जण जमतील, त्यातले अर्धे चाळिशीतले. दर शनिवारी मार खायचाय.”

“आणि तुझ्या आत्याला हरता येतं? तिने घटस्फोटाच्या वकिलाला पोटनियम शिकवले होते.”

“नाही येत. ती दोन दिवस कुणाशी बोलत नाही, लोकांच्या अंगावर जाते. पण तिसऱ्या दिवशी येते. तू येत नाहीस. तू त्यावर भाषण करायला जातोस.”

लाइलने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिचा आवाज चढला नव्हता. शाळेत एखाद्या मुलाला बुटाची नाडी सुटलीय हे सांगावं तशी ती बोलली होती. त्याला राग यायला हवा होता. त्याने थोडा वेळ रागाची वाट पाहिली. त्याऐवजी त्याला आठवलं की त्याने तिचा एकही सामना शेवटपर्यंत पाहिला नव्हता. तिचा संघ हरायला लागला की तो मोबाईलवर बोलायला गाडीत येऊन बसायचा, याच गाडीत.

“तुम्ही काय करता?” त्याने विचारलं.

“कधी?”

“हरल्यावर.”

टेगनला आधी वाटलं तो थट्टा करतोय. मग दिसलं की नाही.

“काही विशेष नाही. आधी हात मिळवतो. समोर जी येईल तिच्याशी, जिने नाक फोडलं तिच्याशीसुद्धा. मग आत जाऊन बूट काढतो. मग कुणीतरी शिव्या देतं, बहुतेक मीच. मंगळवारी सरावाला जातो.”

“एवढंच?”

“एवढंच. याचं तासभराचं व्याख्यान होणार नाही, बाबा.”

“हात मिळवताना काय म्हणता?”

“‘छान खेळलीस.’ जास्त बोललं की लोक ओळखतात.”

लाइलने किल्ली खिशात टाकली. मग त्याने दार उघडलं. गाडीतून उतरताना तो लंगडला नाही, हे टेगनने पाहिलं आणि त्याबद्दल कधी कुणाला सांगितलं नाही.

रोझलिनने त्याला दारातून आत येताना पाहिलं आणि पाठ ताठ केली. तिच्याकडे उत्तर तयार होतं. नेटबॉलवालीला उत्तर, चहाच्या बैठकांना उत्तर, आईला फितवल्याच्या आरोपालाही. तिने खरं तर आईला एका शब्दाने विचारलं नव्हतं, आणि जिंकल्याच्या आनंदात हेच तिला सलत होतं.

“छान खेळलीस,” लाइल म्हणाला आणि हात पुढे केला.

तिने हात धरला आणि पुढच्या वाक्याची वाट पाहिली. तिला सवय होती. भाऊ कधी एका वाक्यावर थांबला नव्हता.

“पुढे?” तिने विचारलं.

“पुढे काही नाही.”

तिने त्याचा हात सोडला. “शनिवारी मैदानावर चुन्याच्या रेघा मारायला कुणी नाही,” ती जरा घुटमळून म्हणाली. “टपालवाला म्हणतो, तो एक तर खेळेल, नाही तर रेघा मारेल.”

“मी मारतो.”

“सरळ मारशील?”

“रॉझ.”

“बरं, बरं.”

चहाच्या खिडकीतून मर्लला सगळं दिसत होतं. ग्रीन्स व्हेलच्या केकच्या ताटल्या आता तिच्या पास्ट्यांशेजारी लागल्या होत्या, आणि दोन्ही गावच्या बायका एकमेकींचं चाखून, फारसं काही नाही अशा चेहऱ्याने पुन्हा घेत होत्या. फक्त आल्विन होता तसाच बसला होता, पाठ सगळ्यांकडे. दोन-तीन जण त्याच्याजवळ जाऊन परत आले होते. मर्ल स्वतः गेली नव्हती. तिला माहीत होतं, आज तिचं तोंड त्याला नको असेल. उद्या सकाळी अंडं कितपत उकडलंय एवढं तो विचारेल आणि तिथून पुन्हा बोलणं सुरू होईल.

लाइल खुर्ची घेऊन बापाशेजारी बसला. तोही भिंतीकडे तोंड करून.

“तुझ्या आईने हात वर केला,” आल्विन म्हणाला.

“पाहिलं मी.”

“सगळ्यांसमोर.”

“हो.”

“मी तिला इथे आणली तेव्हा मी कप्तान होतो.”

लाइलने मान डोलावली. एरवी इथे त्याला काहीतरी सुचलं असतं. खूप काही सुचलं असतं. तो बापाच्या हातांकडे बघत राहिला. काठीवर एकावर एक ठेवलेले, डाग पडलेले.

“तुझं ते भाषण नाही का आज?” आल्विनने विचारलं. “देणगीवालं.”

“नाही, बाबा.”

“आजारी आहेस?”

“नाही.”

आल्विनने त्याच्याकडे पहिल्यांदा तोंड वळवून पाहिलं. “बरं झालं,” तो म्हणाला. “मला ते कधी आवडलंच नव्हतं.”

मागे कुणीतरी कप फोडला आणि दोन्ही गावं एकदमच हसली.

“त्यांच्याशी हात मिळवायचा राहिलाय,” लाइल म्हणाला. “तुमचा आणि माझा. बाकीच्यांचा झाला.”

“मी हात मिळवणार नाही.”

“ठीक आहे. मग मीही बसतो.”

“तू कशाला बसतोस?”

“एकट्याने जायला नको वाटतं.”

हे खरं होतं, आणि ते खरं आहे हे म्हाताऱ्याला कळलं. सहासष्टचा कप्तान काही काळ घोटाळला. मग त्याने कोपर बाजूला काढलं, कुणीतरी धरावं म्हणून, आणि लाइलने ते धरलं. दोघं दालन ओलांडून निघाले तशी माणसं बाजूला होत गेली, आणि क्लेम हॉजेटने हातातला कप घाईने खिडकीच्या कठड्यावर ठेवला.

“तुमच्या पोरांना चेंडू मारता येत नाही,” आल्विन त्याच्यासमोर उभा राहून म्हणाला.

“नाही येत, आल्विन,” क्लेम म्हणाला. “म्हणून तर तुमच्याकडे आलो.”

आल्विनने त्याचा हात हातात घेतला, गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात दाबला, आणि बराच वेळ सोडायचं विसरला.